काउंटरपलीकडच्या भाचीला

टोकियो

चि. चिऊस,


तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. तुमच्या सुशीच्या दुकानात एकाच शनिवारी, एकाच भांड्यातला भात. खिडकीजवळचे आजोबा म्हणाले, असा भात या भागात दुसरीकडे मिळत नाही; शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ‘कोमट आणि आंबट’ म्हणून अर्धी थाळी तशीच ठेवली. कुणाला तुकडे फार लहान वाटतात, कुणाला रोल तोंडात मावत नाहीत. कुणाला मासा ताजा वाटत नाही, तर कुणी सांगून जातं की ही ‘खरी जपानी’ सुशी नव्हेच. सगळ्यांचं ऐकून तुमचे मालक आता भातातलं व्हिनेगर कमी करायला निघालेत. आणि तू मला विचारतेस, मावशी, यातलं खरं कोण बोलतंय?

सगळेच खरं बोलताहेत. तरीही व्हिनेगर कमी करू नका.

तुझ्या परवानगीने हे पत्र छापायला देते आहे. ‘कॅलिफोर्नियाला शिकायला गेली आणि सुट्टीच्या दिवशी मासे कापत बसते’ असं म्हणणारी माणसं आपल्या घरातही आहेत. हे काम काय आहे ते त्यांनाही कळू दे.

आधी भाताचं. सुशीच्या भातात व्हिनेगर चवीसाठी असतं, पण त्याचं दुसरंही एक काम आहे. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सिरीयस जातीचे जंतू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आंबटपणा पुरेसा असेल तर ते वाढत नाहीत. तुमच्याकडे भाताचा पीएच मोजून वहीत लिहायला लावतात तो यासाठी. आंबटपणा कमी केलात तर तो भात फ्रिजमध्ये तरी ठेवावा लागेल नाहीतर कडकडीत गरम तरी, आणि दोन्हींत सुशी बिघडते. फ्रिजमधल्या भाताचा दाणा कडक होतो, गरम भातावर मासा मऊ पडतो. तेव्हा त्या बाईंना खटकलेला कोमटपणा आणि आजोबांना आवडलेली गोष्ट एकच आहे. निगिरीचा, म्हणजे मुठीत वळलेल्या सुशीचा, भात हाताला ना गार लागावा ना गरम. तू आईबरोबर मोदक केले आहेस. उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा जातात. सुशीच्या भातालाही अशीच वेळ असते आणि ती साधणं हे तुमच्या दुकानाचं खरं कसब आहे. ते कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.

आता आमच्या गल्लीतल्या दुकानाबद्दल सांगते, कारण मतं तिथेही दुभंगलेलीच आहेत. मी राहते ते निशि-कासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग. गेल्या पंचवीसेक वर्षांत इथे आपली आयटीतली माणसं इतकी आली की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं तर कुणी वळूनही बघत नाही. या गल्लीत एक जुनं सुशीचं दुकान आहे. एक काउंटर, मागे दोन टेबलं, एवढंच. मालकाला सगळे ‘ताइशो’ म्हणतात. वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राहतात. दुपारी थाळ्या तीनच: साधी, वरची आणि खास, म्हणजे नामि, जो आणि तोकुजो. कुणाच्या घरी पाहुणे आले, बारसं झालं किंवा कुणी गेलं आणि रात्री लोक जमले, की लाखेच्या गोल डब्यांत सुशी सायकलवरून पोचते आणि दुसऱ्या दिवशी धुतलेले डबे दाराबाहेरून परत नेले जातात.

आमच्या इमारतीतल्या वयस्कर बाई म्हणतात, त्याच्या कोहादाला तोड नाही. कोहादा म्हणजे चांदीसारखी चमकणारी लहानशी मासळी. मीठ लावून, धुऊन, व्हिनेगरमध्ये मुरवायची. किती वेळ, ते माशाच्या आकारावर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. त्यांच्याच मुलाला हे दुकान महाग आणि अवघडलेलं वाटतं. तो मुलांना घेऊन सरकत्या पट्ट्याच्या दुकानात जातो, तिथे पडद्यावर बोट ठेवलं की बशी समोर येते, कुणाशी बोलावं लागत नाही. पुण्याहून आलेली तरुण मंडळी म्हणतात, तिथे आमच्यासाठी काहीच नाही. मला विचारशील तर त्याची तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी, या सगळ्या भागात पहिली. पण त्याचा ट्यूना मला साधारणच वाटतो आणि तो महाग पडतो. तोकुजो थाळी घेण्यापेक्षा साधी थाळी घेऊन वर दोन कोहादा मागावेत, असं माझं ठाम मत आहे.

ही भांडणं आजची नाहीत. बिवा सरोवराच्या काठी शिगा प्रांतात अजून फुनाझुशी करतात. मीठ लावलेला गोड्या पाण्यातला मासा भातात महिनोन्‌महिने आंबवतात. पूर्वी त्यातला भात टाकूनच देत. त्या लोकांच्या लेखी सुशी ती. आपण जिला सुशी म्हणतो ती, मुठीत वळलेली, १९व्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आताच्या टोकियोत, रूढ झाली. तिचं श्रेय बहुधा र्‍योगोकूच्या हानाया योहेईला देतात. आंबवायला महिने थांबायला नको म्हणून भातातच व्हिनेगर घातलं. ते साकेच्या चोथ्यापासून केलेलं, लालसर आणि स्वस्त. रस्त्यावरच्या टपरीवर लोक उभ्याउभ्या खात आणि पुढे जात. तो घास आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा होता.

घास लहान झाला त्याच्या कारणांत टंचाईही आहे. युद्धानंतर धान्य रेशनवर होतं आणि १९४७ साली हॉटेलं बंद ठेवायचा हुकूम निघाला. टोकियोच्या सुशीवाल्यांनी सरकारकडून वाट काढली: गिऱ्हाईकाने स्वतःचा एक गो तांदूळ आणायचा, साधारण दीडशे ग्रॅम, आणि मजुरी देऊन १० तुकडे न्यायचे. त्यातून एका माणसाची थाळी आणि घासाचं आजचं माप बसत गेलं. म्हणून तुकडे लहान म्हणणाऱ्याला चुकीचं ठरवायची गरज नाही. तो पोट भरायला आला आहे, आणि सुशी मुळात पोट भरायलाच जन्मली. त्याला भाताचा वाडगा आणि त्यावर मासे, चिराशी, सुचवायची.

‘खरी जपानी’ या आक्षेपाला मी फार महत्त्व देत नाही. आज इथली मुलं सर्वात आधी सॅमन मागतात. पण जपानी लोक सॅमन कच्चा खात नसत, कारण त्यात अॅनिसाकिस ही कृमी असायची. १९८० च्या दशकात नॉर्वेने पाळलेला सॅमन इथे आणून मोठा प्रचार केला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. ट्यूनाचा चरबीचा भाग, तोरो, ज्याला आज सगळ्यात जास्त पैसे मोजतात, तो एदोच्या काळात कुणी फारसा खात नसे. आणि ओसाकाजवळ १९५८ साली बशा पट्ट्यावर फिरू लागल्या तेव्हा जुन्या कारागिरांना तेही पटणं अवघडच होतं. तुमचा अवोकाडोचा रोल या ओळीत मागून येऊन बसला, इतकंच. तो नीट करा. त्यावर मेयोनीजचा मारा करून भात लपवू नका, बस.

माशाचा आक्षेप मात्र मी बाजूला सारणार नाही. आपल्याकडे मालवणला किंवा रत्नागिरीला मासळी घेताना कल्ला उघडून बघतात, डोळा बघतात. सकाळची मासळी दुपारी ताटात आली पाहिजे. त्या सवयीने बघणाऱ्याला सुशीचा मासा शिळा वाटू शकतो, कारण ट्यूना मुद्दाम काही दिवस थंडीत ठेवून मुरवतात, पांढरा मासाही बऱ्याचदा एक-दोन दिवस ठेवतात. चव तेव्हा खुलते. बराचसा ट्यूना तर जहाजावरच उणे ६० अंशांना गोठवलेला असतो. कच्चा खायचा बहुतेक मासा उणे २० अंशांना ७ दिवस ठेवायचा हा अमेरिकेतला नियम कृमी मारण्यासाठीच आहे. ट्यूनाला आणि ठरावीक खाद्यावर पाळलेल्या माशाला त्यातून सूट आहे. हे गिऱ्हाईकाला मोकळेपणाने सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कुणी ‘वास आला’ म्हणालं, तर ते मत म्हणून ऐकायचं नाही. हातातलं काम थांबवायचं, तो तुकडा स्वतः हुंगायचा, आणि शंका आली तर तो मासा त्या दिवशी विकायचा नाही. मालक नाराज झाले तरी. एवढ्या एका बाबतीत तू कुणाचीही भीड धरू नयेस, अशी माझी तुला कळकळीची विनंती आहे.

आणि आता जे सांगायला मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. आमचा ताइशो काम करताना मी खूप पाहिला आहे. बोटांची टोकं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतो, तळहातावर टाळी मारून पाणी झटकतो, भाताचा गोळा उचलतो. जास्त वाटला तर चार दाणे परत टाकतो. मासा डाव्या हातात, त्यावर वासाबीचं बोट, वर भात, दोन बोटांनी दाब, उलटवून पुन्हा दाब. उचलताना तो घास सुटत नाही आणि तोंडात गेला की दाणे मोकळे होतात. पण या सगळ्यात त्याची नजर हातावर फार कमी वेळ असते, ती असते समोरच्या माणसावर. नवीन गिऱ्हाईकाला तो आधी विचारतो, वासाबी चालेल ना? कुणी भात कमी मागितला की पुढचा प्रत्येक घास न सांगता लहान येतो. दात नसलेल्या आजोबांसाठी माकूळ बारीक चिरा देऊन वाढतो. कुणी डाव्या हाताने चहा उचलला की घास त्या बाजूला कलता ठेवतो. पहिला तुकडा खाताना माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते वाचून तो दुसरा तुकडा करतो.

म्हणजे त्याच्याकडे मतं जेवण चालू असतानाच येतात. तुमच्याकडे ती बिल दिल्यावर येतात. तुमच्या दुकानात काउंटर आहे, पण तू लिहितेस की त्यावर पार्सलच्या पिशव्या रचलेल्या असतात आणि तू भिंतीकडे तोंड करून उभी असतेस. बाईंना आंबट आवडत नाही हे तुला पहिल्या घासाला कळलं असतं तर तू त्यांना अनागो, म्हणजे समुद्री वाम, दिला असतास, गोड रस्सा लावलेला, किंवा तामागो, आणि भात निम्मा केला असतास. त्या अर्धी थाळी टाकून गेल्या नसत्या. पार्सलवाल्यांच्या तक्रारींचंही तेच. तासाभराने डबा उघडला की नोरी, म्हणजे रोलभोवतीचा शेवाळाचा कागद, मऊ पडलेली आणि भात गार असणारच. आमचा ताइशो डब्यासाठी भात जरा घट्ट वळतो आणि नोरीचे रोल त्यात कमी ठेवतो. तुम्हीही डब्याची यादी वेगळी करा. सगळं सगळ्यांना घरपोच मिळालंच पाहिजे असं नाही.

अशी दुकानं इथे कमी होत चालली आहेत. ताइशोचा मुलगा दुसरी नोकरी करतो. पट्ट्यावरची सुशी स्वस्त आहे, बरीही असते, आणि तिथे जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण गल्लीतलं दुकान टिकतं ते गल्लीतल्या माणसांवर, आणि त्यांना खेचून आणायला दुकानाजवळ एकच गोष्ट आहे: इथे माझी आवड कुणाला तरी ठाऊक आहे ही खात्री. तुमचे मालक सगळ्यांच्या मतांची बेरीज करून एक चव काढायला निघाले आहेत. त्या चवीने कुणाचंच समाधान होणार नाही, आणि ते आजोबाही जातील.

तुझ्याकडे येणाऱ्या आपल्या शाकाहारी मंडळींचं राहिलं. काकडी आणि अवोकाडो यापलीकडे काही मिळत नाही ही त्यांची तक्रार रास्त आहे. मालकांना कांप्यो करायला सांग. तो आपल्या दुधीच्या जातीचाच भोपळा, लांब पट्ट्या काढून वाळवलेला. भिजवून सोया सॉस आणि साखरेत शिजवतात आणि नोरीत गुंडाळतात. एदोच्या सुशीतला हा जुना, मानाचा रोल आहे. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारीही करता येईल. मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ: या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या पातळ सारात, शिजवतात, आणि दाशीत सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे असतात. कोंबू या समुद्री वनस्पतीची आणि शिताके अळंब्यांची दाशी वेगळी काढा, भांडं वेगळं ठेवा, आणि विचारणाऱ्याला ते स्पष्ट सांगा. ज्या माणसाने विश्वासाने खाल्लं त्याची फसवणूक होता कामा नये.

कांप्योची पाकिटं इथून पाठवते आहे, तोचिगीची, तिथलाच कांप्यो नावाजलेला. मालकांशी बोललीस की त्यांचं काय ठरलं ते कळव, आणि काउंटरवरच्या पिशव्या हलल्या की नाही तेही.

तुझी,
मावशी