चौथ्या फळीतला पोरगा

बर्फावरच्या हॉकीत खेळाडू बर्फावर थोडा आणि बाकावर फार असतो. सामना साठ मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तोही त्यातला तिसरा हिस्सा खेळला तर खूप झालं. उरलेल्या वेळात तो बाकावर बसून पाण्याची बाटली तोंडावर पिळत असतो आणि चष्मा विसरलेल्या माणसासारखे डोळे बारीक करून पलीकडे बघत असतो. हा खेळ प्रथम पाहणाऱ्याला वाटतं, एवढी माणसं आणली कशाला, नि आणली तर बसवून का ठेवली?

हिशेब सोपा आहे. एका वेळी बर्फावर पाच जण आणि सहावा गोलरक्षक. पाचांतले तिघे पुढचे, दोघे मागचे. सामन्याला पुढचे बारा जण सज्ज असतात, म्हणजे तिघातिघांच्या चार फळ्या. एक फळी पाऊण मिनिट जीव खाऊन पळते, बाकाशी येते, आणि ती आत शिरते न शिरते तोच दुसरे तिघे कठड्यावरून उड्या मारून बाहेर पडतात. खेळ थांबलेला नसतो. शिट्टी नाही, पाटी नाही. चकती कुठे आहे, आपला गडी किती दमलाय आणि समोरच्याचा किती, हे बघून ज्याचं त्याने निघायचं. पहिली फळी गोल करणाऱ्यांची. दुसरी तिच्या खालोखाल. तिसरीचं काम समोरच्या पहिल्या फळीला गोल करू न देणं. आणि चौथी? चौथी फळी ही उरलेल्यांची, असं बाहेरचा माणूस म्हणेल. कॅनडातल्या ओंटारियोच्या ज्युनियर हॉकीत या चौथ्या फळीच्या टोकाला हमखास एक सोळा वर्षांचा पोरगा सापडतो. मी सामन्याला गेलो की मला बघायचा असतो तो.

ज्युनियर म्हणजे सोळा ते वीस. ऐकायला चार वर्षांचं अंतर, पण या वयात ते केवढं! एकाला दाढी आलेली, खांदे भरलेले. दुसऱ्याच्या ओठावर नुसती लव, आणि छातीवरची ढाल त्याला अजून एक माप मोठी. या पोराची गंमत अशी की गावाकडे तो पहिल्या फळीचा राजा होता. या संघात निवडून आलेला प्रत्येक जणच आपापल्या गावात राजा होता. आता तो कुणा अनोळखी कुटुंबात, त्यांच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत राहतो, सकाळी शाळेत जातो, दुपारी सरावाला. हंगामात साखळीचे 68 सामने. त्यातले निम्मे परगावी, हिवाळ्यातल्या रात्री बसमध्ये झोपत. बसमध्ये सामान चढवायचं कुणी? त्यानेच. सरावानंतर चकत्या गोळा करायच्या कुणी? त्यानेच. आणि सामन्यात खेळायला मिळणार किती, तर सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

त्या सात-आठ मिनिटांत त्याने काय करायचं, हे मात्र इंचाइंचाने ठरलेलं असतं. चकती समोरच्यांच्या मुलखात खोल गेली की तिघांतला पहिला अंगावर जातो. तो चकती हिसकावायला जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याने अर्धा बर्फ बंद करायचा असतो, म्हणजे चकती असलेल्या बचावपटूला एकाच बाजूला वळावं लागतं. त्या बाजूला कठड्याशी दुसरा आधीच उभा. तिसरा मात्र मागे, गोलासमोरच्या मोकळ्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला थांबतो. कबड्डीत साखळीतला एक जण हूल देऊन चढाईपटूला वळवतो, पकड दुसराच करतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. तसलाच हा मामला. नव्या पोराला सगळ्यात अवघड जातं ते हे तिसरं काम, थांबण्याचं. पुढे दोघं झटापट करतायत, चकती दोन हातांवर तडफडतेय, आणि याने जायचं नाही. गेला आणि चकती निसटली, तर मागे दोन बचावपटू आणि अंगावर येणारे तिघे. सोळाव्या वर्षी न जाणं शिकवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात सोळा वर्षांचं पोरगं आहे त्याला विचारा.

स्वतःच्या मुलखातलं काम याहून रुक्ष. कठड्यालगत उभं राहायचं, गोलामागून बचावपटूने रेटलेली चकती घ्यायची, आणि ती मुलखाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेपलीकडे घालवायची. बस. डौल नको, फिरकी नको. पण मधल्या वीस मिनिटांत या एका कामाला विलक्षण किंमत येते. प्रत्येक भागानंतर संघ बाजू बदलतात, बाक मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून दुसऱ्या भागात आपला बाक आपल्या गोलापासून लांब पडतो. दमलेल्या गड्यांना बदलीसाठी लांबवर जावं लागतं आणि चकती आपल्याच गोलासमोर घुटमळत असेल तर बदलीचं नावच काढायला नको. अशा वेळी पोराच्या काठीवरून चकती निसटली तर पाचही जण अडकतात. पाऊण मिनिटाचं दीड मिनिट होतं, पाय शिशाचे होतात, गोल होतो. गुणफलकावर पोराचं नाव कुठेच लागत नाही. बाकावरच्या प्रत्येकाला मात्र ठाऊक असतं.

प्रशिक्षक त्याला लपवतोही. खेळ थांबला की शेवटची बदली करण्याचा हक्क यजमान संघाचा. समोरून कोण उतरलंय ते पाहून आपली फळी सोडायची. घरच्या बर्फावर म्हणून पोराच्या वाट्याला समोरची दुबळी फळी येते. परगावी हा हक्क समोरच्याकडे जातो, आणि तोच पोरगा अचानक साखळीतल्या सर्वांत धोकादायक तिघांसमोर उभा दिसतो. त्या पाऊण मिनिटात त्याच्याकडून फक्त एवढीच अपेक्षा असते की काही घडू नये.

माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा इथे लहान गटात खेळतो. साताऱ्याहून आलेल्या त्याच्या आजी एकदा सामन्याला आल्या, शालीत गुरफटून बसल्या. नातू बाकावर गेला की त्या अस्वस्थ. शेवटी सुनेला म्हणाल्या, "अगं, पोराला सारखं खाली का बसवतायत? काही चुकलं का त्याचं?" सुनेने फळ्यांचं शास्त्र समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चांगलं खेळलं तरी बसवणारच!" यापेक्षा नेमकं वर्णन मी वर्तमानपत्रातल्या जाणकारांकडूनही वाचलेलं नाही.

थांबण्याच्या, रोखण्याच्या या कलेची राजधानी कुठली असं विचारलं तर मी पीटरबरोचं नाव घेईन. टोरांटोच्या ईशान्येला, ओटोनबी नदीकाठी वसलेलं, कारखान्यांवर वाढलेलं हे गाव. ओट्सची गिरणी गावात असल्याने वारा अनुकूल असला की भाजक्या धान्याचा वास सुटतो. इथला पीट्स हा ज्युनियर संघ 1956 पासूनचा. मेमोरियल सेंटर हे त्याचं घर. स्कॉटी बोमन इथे प्रशिक्षक होता, पुढे एनएचएल या व्यावसायिक साखळीचा स्टॅनले करंडक सगळ्यात जास्त वेळा जिंकणारा प्रशिक्षक ठरला तोच. पण गावाला वळण लावलं ते रॉजर नीलसनने. 1966 ते 1976 अशी दहा वर्षं तो पीट्सचा प्रशिक्षक होता. पेशाने शाळामास्तर, वर पहाटे वर्तमानपत्रं टाकायचा. सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून खेळाडूंना दाखवायचा. तेव्हा लोक त्यावर हसले. नियमांचं पुस्तक तो वकिलासारखा वाचत असे. विरोधकाला पेनल्टी शॉट मिळाला तर त्याने गोलरक्षकाला बाहेर घेऊन त्या जागी बचावपटू उभा केला, आणि चकती हलताच तो धावून अंगावर गेला. नियमात कुठे मनाई होती? मग केली.

त्याच्या कुत्र्याचा किस्सा तर इथे पोराटोरांना पाठ असतो. नीलसन चकती घेऊन गोलाच्या मागे जाई आणि कुत्र्याला गोलासमोर बसवी. तो मागे या टोकाला गेला काय, त्या टोकाला गेला काय, कुत्रा त्याच्यामागे धावत नसे; समोरच बसून राही आणि मालक बाहेर आला की गाठी. मग नीलसन पोरांकडे वळून म्हणे की याला कळतं ते तुम्हाला का कळू नये. शाळामास्तरच तो!

या शाळेचा निकाल बघायचा तर सेल्की करंडक पाहावा. पुढच्या फळीत खेळून बचाव उत्तम करणाऱ्याला एनएचएलमध्ये हा करंडक मिळतो. 1978 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. पहिली चार वर्षं सलग बॉब गेनी, मॉन्ट्रियलचा. 1984 मध्ये डग जार्व्हिस. 1985 मध्ये बफेलोचा क्रेग रॅमझी. पहिल्या आठ करंडकांपैकी सहा या तिघांकडे गेले, आणि तिघेही पीटरबरोत नीलसनच्या हाताखाली ज्युनियर खेळलेले. योगायोग म्हणायला हे जरा जास्तच झालं. एनएचएलचे संघ ज्युनियर पोरांतून क्रमाने नवे खेळाडू निवडतात; त्या निवडीत जार्व्हिसला 1975 मध्ये टोरांटोने घेतलं आणि काही आठवड्यांतच मॉन्ट्रियलला देऊन टाकलं. तिथे बोमन होता, त्याला माल ओळखता येत होता. हा जार्व्हिस पुढे लागोपाठ 964 सामने एकही न चुकता खेळला.

इथवर सगळं गोड आहे. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. ज्युनियर पोराचं भवितव्य ठरवणारे लोक स्टँडच्या वरच्या रांगेत वह्या घेऊन बसलेले असतात, आणि त्या वह्यांत गोल नि गोलसाहाय्य यांची बेरीज, म्हणजे 'गुण', आधी लिहिली जाते. जो पोरगा तिसऱ्या जागी थांबला, त्याच्या थांबण्याचा रकाना कुठे? शिवाय चारही फळ्यांना सारखं खेळवणारा प्रशिक्षक मिळाला तर हुशार पोराचे आकडेही खुजे दिसतात. 1982-83 च्या हंगामात पीटरबरोत स्टीव्ह आयझरमन नावाचा मुलगा खेळत होता. प्रशिक्षक डिक टॉड फळ्या आळीपाळीने, सढळपणे फिरवायचा. आयझरमनचे गुण झाले 56 सामन्यांत 91. त्याच हंगामात क्वेबेकच्या साखळीत पॅट लाफाँटेनने 234 गुण केले. एनएचएलच्या निवडीत डेट्रॉइटला हवा होता लाफाँटेन. तो तिसऱ्या क्रमांकावर दुसरीकडे गेला म्हणून चौथ्या क्रमांकावर त्यांनी आयझरमनला घेतलं. पुढची दोन तपं डेट्रॉइटला त्याचा पश्चात्ताप झाला नाही. 1988-89 मध्ये त्याने 155 गुण केले, म्हणजे गोल करणं त्याला येत नव्हतं असं नाही. नव्वदच्या दशकात बोमन डेट्रॉइटला आला आणि त्याने या ताऱ्याला पुन्हा मागे येऊन बचाव करायला लावलं. गुण घटले, स्टॅनले करंडक आले: 1997, 1998, 2002. आणि 2000 मध्ये सेल्की. पीटरबरोच्या यादीत चौथं नाव.

उलट वाट गी कार्बोनोची. शिकुटिमीच्या ज्युनियर संघात 1979-80 मध्ये त्याने 182 गुण कुटले. हा वरच्या साखळीत गोलांचा पाऊस पाडणार, असं कुणालाही वाटलं असतं. मॉन्ट्रियलला पोचला तर गोल करणारे तिथे रांगेने उभे. जागा रिकामी होती ती रोखणाऱ्याची. त्याने ती घेतली, गेनीच्या शेजारी खेळला, आणि तीनदा सेल्की जिंकला. म्हणजे चौथ्या फळीचं शिक्षण विशीनंतरही घेता येतं, मग सोळाव्या वर्षी लेकरांना का गांजायचं, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, गांजणं फळीत नसतं, प्रशिक्षकात असतं. सामना चुरशीचा झाला की शेवटच्या भागात पहिल्या दोनच फळ्या खेळवायच्या आणि पोराला बाकावर गारठवायचं, असे प्रशिक्षक आहेत. त्यांच्या हाताखाली पोरगा थांबायला शिकत नाही, नुसता घाबरायला शिकतो. एका गोलाची आघाडी, शेवटची पाच मिनिटं, आणि तरीही चौथी फळी आपल्या पाळीला कठड्यावरून बाहेर पडते, तिथे समजावं की हा प्रशिक्षक शिक्षक आहे. आपलं मूल कुठल्याही खेळात असो, संघ निवडताना पालकांनी विजयांचा तक्ता जरूर बघावा, पण त्याआधी शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात कोण आहे ते जाऊन बघावं.

वह्यांतल्या बेरजेपलीकडे बघणारेही असतात. गेनीला 1973 मध्ये मॉन्ट्रियलचा व्यवस्थापक सॅम पोलॉक याने आठव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. ज्युनियरच्या शेवटच्या हंगामात त्याचे गोल वीसच्या आसपासच होते. ते पुढेही फारसे वाढले नाहीत. सोळा हंगाम, 1,160 सामने, 239 गोल, पाच स्टॅनले करंडक. सोव्हिएत संघाचा प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव याने त्याला जगातला सर्वांत परिपूर्ण खेळाडू ठरवलं होतं. एका हंगामातले त्याचे सर्वाधिक गोल 23. पाठीवरचा आकडाही 23. 23 फेब्रुवारी 2008 रोजी मॉन्ट्रियलने तो आकडा निवृत्त केला. त्या संघात तो आता कुणालाही मिळत नाही.