एवढ्याशा ग्लँडमध्ये एवढं सगळं!

एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, केबल ग्लँड पहिल्यांदाच पूर्ण खोलली, सुटे भाग टेबलावर ओळीनं मांडले, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला ग्लँडविषयीच सांगतोय. घरचे कंटाळलेत. आता तुमची पाळी!

आजवर माझी नोकरी साध्या कारखान्यांत झाली. तिथं ग्लँड म्हणजे धूळपाणी अडवणारा पितळी तुकडा. स्टोअरमधून मूठभर आणायचा आणि पान्ह्यानं आवळायचा. मग सॉल्व्हंटच्या प्लँटमध्ये आलो आणि डोळेच उघडले.

पहिला धक्का हा की, ग्लँड जिच्यात बसते ती विजेची फ्लेमप्रूफ पेटी आत स्फोट होऊ देते! पेटी तापते, निवते, तशी बाहेरची ज्वालाग्राही वाफ आत ओढली जातेच. आत ठिणगी पडली तर भडका उडणार, हे धरूनच तिची रचना केलेली असते. पेटीनं दाब सोसायचा, आणि जोडातल्या फटीतून निसटणारी आग धातूच्या सहवासात इतकी निववायची की बाहेरची वाफ पेटू नये. हम्फ्री डेव्हीनं 1815 मध्ये खाणीतल्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, त्यामागचं तत्त्व हेच! आणि फट केवढी चालेल, ते वायू ठरवतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीत प्रोपेनची आग साधारण 0.92 मिमीच्या फटीत अडते; हायड्रोजनला अडवायला ती 0.29 मिमीपर्यंत आणावी लागते. म्हणून प्रोपेन आयआयए गटात, इथिलीन आयआयबीत, आणि हायड्रोजन व असिटिलीन सर्वांत कडक आयआयसीत.

आता गंमत बघा. इतक्या कसोशीनं बनवलेल्या पेटीत केबलसाठी भोक ठेवावंच लागतं, आणि त्या भोकाची सगळी जबाबदारी ग्लँडवर! तिचे आटे नुसते धरून ठेवत नाहीत, आग निववतातही. म्हणून निदान पाच पूर्ण आटे बसलेच पाहिजेत, आणि पेटीचं आतलं घनफळ 100 घनसेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर त्यांची पकड 8 मिमी तरी हवी. एम-20 आणि अर्धा इंची एनपीटी डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात, पण एकाच्या भोकात दुसरा चालत नाही. मापं जुळत नसतील तर प्रमाणित अडॅप्टर लावायचा, तोही एका भोकाला एकच.

आणि ती डबल कॉम्प्रेशन ग्लँड! आतलं रबरी सील केबलच्या इनर शीथला आवळतं, मधला कोन आणि रिंग आर्मर पकडून अर्थिंग जोडतात, बाहेरचं सील आउटर शीथवर बसून पाणी अडवतं. तीन थरांना तीन पकडी! म्हणून निवडताना तीन मापं लागतात: इनर शीथचा व्यास, आउटर शीथचा व्यास आणि आर्मरची जाडी. आर्मर गोल तारेचं आहे की चपट्या पट्टीचं, हेही बघायचं. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर पितळेवर निकेलचा मुलामा हवा, नाहीतर दमट हवेत दोन धातूंच्या संगतीनं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पण मला खरं वेड लावलं ते बॅरियर ग्लँडनं. बाहेरून केबल कितीही घट्ट आवळा, आतल्या कोरांमध्ये पोकळ्या राहिल्या तर स्फोटाचा दाब आणि आग केबलच्याच पोटातून पुढे सरकू शकते! म्हणून या ग्लँडमध्ये कोर मोकळे करून त्यांच्याभोवती रेझिन भरतात. ते घट्ट झालं की वाट बंद. आयईसी 60079-14 या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनं याचा नियम सुटसुटीत केला. त्या आवृत्तीप्रमाणे फ्लेमप्रूफ पेटीला जोडलेली केबल गोल, आतून भरीव, एक्स्ट्रूडेड बेडिंगची आणि निदान 3 मीटर लांब असेल तर साध्या सीलची फ्लेमप्रूफ ग्लँड चालते; नाहीतर बॅरियर. म्हणजे ग्लँड पेटी बघून निवडायची तशीच केबल कापून, तिच्या आत डोकावून निवडायची. केवढी सुंदर गोष्ट आहे ही!

या सगळ्याची आपल्या देशातली परवानगी कुठून येते? थेट आपल्या नागपुरातून! पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय तिथंच आहे. आणि ग्लँडच्या प्रमाणपत्राच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ अक्षर दिसलं तर पान उलटाच. वापराच्या खास अटी आत लिहिलेल्या असतात.

तेव्हा माझ्या वायरमन आणि मेंटेनन्सवाल्या दोस्तांनो, पुढच्या वेळी ‘पाऊण इंची ग्लँड पाठवा’ एवढंच लिहून इंडेंट देऊ नका. जागेचा धोक्याचा झोन, गॅसचा गट, पेटीचा प्रकार, आट्यांचं माप आणि व्हर्नियरनं मोजलेले केबलचे दोन्ही व्यास लिहा, आर्मरचा प्रकार आणि जाडी लिहा, आणि मगच सही करा. पेटी कितीही भारी घ्या, तिची सुरक्षितता तिच्यात बसवलेल्या ग्लँडएवढीच असते.