शांघायमध्ये 'सू' म्हटले की...

चीनला जायचे ठरले की घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो व्हिसाचा नसतो, भाषेचाही नसतो. 'तिथे खाणार काय?' हा तो प्रश्न असतो. शेजारपाजारचे साप-बेडकांच्या गोष्टी रंगवून सांगतात आणि आई मुकाट्याने मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चटण्या आणि लाडवांचे डबे भरू लागते. २०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. नोकरी, व्यापार किंवा शिक्षणासाठी निघालेल्यांच्या घरांतून हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. डबे पुरतात फार तर पंधरा दिवस, आणि ताजी फळे-भाज्या सोबत नेण्याला चीनच्या कस्टम्सची मनाई आहे. सोळाव्या दिवशी काय करायचे?

जवळजवळ अडीच कोटी वस्तीच्या शांघायपुरते याचे उत्तर घाबरवणारे नाही. मात्र ते गल्लोगल्ली आयते मिळत नाही, ते शिकून घ्यावे लागते.

'मांस नको' एवढे पुरत नाही

नवखा माणूस पहिली चूक करतो ती शब्दांची. 'बू याव रौ' म्हणजे 'मांस नको' हे वाक्य तो पाठ करून जातो. पण चिनी भाषेत नुसते 'रौ' म्हटले की बहुधा डुकराचे मांस समजले जाते. कोंबडी, मासे, कोळंबी यांची गणती त्यात होईलच असे नाही. शिवाय स्वयंपाकी मांसाचे तुकडे तेवढे वगळतो. भाजीवर भुरभुरलेला खिमा, हाडांचे सूप, सुकटीची चिमूट आणि डुकराची चरबी राहूनच जाते. यात त्याची लबाडी नसते. आपल्याकडे मोहरी-हिंगाच्या फोडणीला कोणी 'पदार्थ' म्हणत नाही, तसेच त्याच्या लेखी या गोष्टी म्हणजे नुसती चव असते.

नावांवरूनही अंदाज बांधू नये. 'माशाच्या वासाची वांगी' या पदार्थात मासा औषधालाही नसतो, पण डुकराचा खिमा बरेचदा असतो. मापो तोफू म्हणजे तोफूचीच भाजी, पण तिच्यात गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा खिमा पडतो. हिरव्यागार शेंगांच्या परतलेल्या भाजीचीही तीच गत. साध्या पालेभाजीत कालवांचा सॉस किंवा कोंबडीच्या अर्काची पूड असू शकते.

म्हणून शिकायचा शब्द 'सू'. 'वो छर सू' म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. हा शब्द चीनमध्ये नवा किंवा परका नाही, त्याच्यामागे काही शतकांची परंपरा आहे. उच्चारातले चढउतार नवख्याला साधत नाहीत, तेव्हा कोणा जाणकाराकडून चिनी लिपीत एक कार्ड लिहून घ्यावे. मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचे सूप, कालवांचा सॉस, कोंबडीची पूड यांपैकी जे चालत नाही ते एकेक करून त्यात नोंदवावे. नेहमीचे गूगल तिथे उघडत नाही. भाषांतराची सोय फोनवर निघण्यापूर्वीच करून ठेवावी. पैसे चुकते करायलाही फोन लागतो. अलीपे आणि वीचॅट या दोन्हींत २०२३ पासून परदेशी कार्डे जोडता येतात. अनेक ठिकाणी टेबलावरचा चौकोनी कोड फोनने टिपला की सचित्र मेन्यू उघडतो. चित्रात खिमा दिसत असेल तर वेळीच सावध होता येते.

सकाळचे चार वीर

शांघायची सकाळ शाकाहाऱ्याला बरी जाते. इथल्या पारंपरिक न्याहारीला 'चार वीर' म्हणतात. तिळाची जाड भाजलेली पोळी म्हणजे 'दाबिंग', तळलेली लांब पोकळ काठी म्हणजे 'योउत्याव', चिकट भाताचा मुटका म्हणजे 'त्सिफान' आणि चौथे सोयाबीनचे गरम दूध, 'दौज्यांग'. दूध गोड मागवावे, कारण खाऱ्या प्रकारात सुकट घालतात. भाताच्या मुटक्यात डुकराच्या मांसाचा सुका कीस भरायला विक्रेत्याचा हात सवयीने पुढे होतो. त्याला वेळीच थांबवून नुसती साखर आणि योउत्याव घालायला सांगितले, की गरम, गोड आणि कुरकुरीत असा मुटका हाती येतो. दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही. पोळीत मात्र काही ठिकाणी चरबी असते. ते विचारून घ्यावे.

कांदा-लसूण नसलेले चीन

सहाव्या शतकात लियांग घराण्याचा सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंसाठी मद्य आणि मांस वर्ज्य ठरवले. त्याची राजधानी म्हणजे आजचे नानजिंग, शांघायपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर. तेव्हापासून चीनच्या विहारांतून शाकाहारी पाककला वाढत गेली. या पाकशास्त्रात पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत आणि त्यांत कांदा आणि लसूण तर येतातच, हिंगही येतो! आपल्या आमटीला ज्याच्यावाचून चव नाही, तो हिंग चिनी भिक्षूला चालत नाही.

या परंपरेची चव शांघायमध्ये सहज घेता येते. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचे 'गोंगदेलिन' हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ मध्ये सुरू झाले. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या जेड बुद्ध मंदिरात अळिंबीच्या शेवयांचा वाडगा मिळतो. यूयुआन उद्यानाच्या परिसरातले 'सोंग्युएलौ' पालेभाजी आणि अळिंबी भरलेल्या वाफाळत्या पावांसाठी ओळखले जाते. अमावास्येनंतर सुरू होणाऱ्या चांद्रमासाचा पहिला आणि पंधरावा दिवस अनेक भाविक शाकाहार पाळतात. आपल्याकडच्या एकादशी-चतुर्थीसारखेच हे. त्या दिवशी 'मी सू खातो' म्हणणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

मात्र मेन्यू पाहून काहींना दचकायला होते. तिथे 'बदक' असते, 'खेकडा'ही असतो. बदक सोयाबीनच्या दुधावरच्या सायीचे असते आणि खेकडा म्हणजे कुस्करलेला बटाटा, गाजर, आले आणि व्हिनेगर. ज्यांना हा आभासही नको असेल त्यांनी 'काओफू' मागवावा. गव्हाचे पीठ धुऊन उरलेला स्पंजासारखा चिकट भाग, काळी बुरशी, वाळवलेल्या लिलीच्या कळ्या आणि शेंगदाणे सोयासॉस-साखरेत मुरवून थंडच वाढतात. शांघायच्या घराघरांतला हा पदार्थ आहे.

जैन मंडळींची अडचण इथेही पूर्ण सुटत नाही. कांदा-लसूण टळला तरी बटाटा, गाजर, कमळकंद आणि अळिंबी विहाराच्या स्वयंपाकात मुक्तपणे वापरतात. त्यांनी तोफू आणि पालेभाज्यांवर भर द्यावा. एक सोय मात्र अनपेक्षित आहे. शांघायमध्ये संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहालाच सुरू होते. उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे त्यामुळे कठीण जात नाही. उशिरा जेवायची सवय असलेल्या मुंबईकराची उलट पंचाईत होते. नऊच्या सुमारास अनेक साध्या खाणावळींच्या चुली विझू लागतात.

हिरव्या पाटीची खाणावळ

हिरवी पाटी आणि तिच्यावर अरबी अक्षरे दिसली, की ती 'छिंगझन' म्हणजे हलाल खाणावळ समजावी. वायव्य चीनमधल्या लान्झौ शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हाताने ओढून केलेल्या शेवया इथे मिळतात. तिथे डुकराचे मांस किंवा चरबी शिरत नाही, ही मुसलमान प्रवाशाची आणि इतर अनेकांचीही मोठी निश्चिंती. पण या शेवयांचे सूप गोमांसाचे असते. गोमांस न खाणाऱ्याने हिरवी पाटी पाहून गाफील राहू नये. अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंड्याच्या शेवया सुपाविना मागवता येतात.

गोल टेबलावरची परीक्षा

एकट्याने जेवताना कार्ड दाखवून भागते. खरी परीक्षा यजमानाच्या गोल टेबलावर होते. चीनमध्ये पाहुण्यासाठी स्वतंत्र ताट नसते. फिरत्या तबकावर दहा-बारा पदार्थ येतात आणि यजमान आपल्या हाताने उत्तम घास उचलून पाहुण्याच्या वाडग्यात ठेवतो. तो घास तसाच राहिला तर त्याचा चेहरा उतरतो. नव्या नोकरीत, नव्या व्यवहारात हा क्षण अवघड असतो. खाल्ले तर मन खाते आणि नाकारले तर माणूस दुखावतो.

चिनी परंपरेला हा पेच ओळखीचा आहे. झेन पंथाचे सहावे आचार्य हुइनंग (६३८–७१३) काही वर्षे शिकाऱ्यांच्या टोळीत लपून राहिले होते. तिथे ते मांसाच्याच भांड्यात भाजी शिजवत आणि नुसती भाजी खात, असे त्यांच्या नावावरच्या सूत्रग्रंथात सांगितले आहे. 'मांसाशेजारची भाजी' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. यजमान जेव्हा खिमा बाजूला सारून 'आता खा' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हेच असते. कोणाला ते चालते, कोणाला मुळीच चालत नाही. ती रेघ ज्याची त्याने आखायची, पण घरून निघण्यापूर्वी आखायची. टेबलावर बसल्यावर नव्हे.

यावर जुन्या रहिवाशांचा उपाय साधा आहे. आमंत्रण येताच, जेवणाच्या आदल्या दिवशीच कळवावे. मग यजमानाला पदार्थ ठरवायला अवधी मिळतो आणि पाहुण्याला साजेसे काही शोधून काढल्याचा आनंदही त्याला लाभतो. चहाचा पेला उंचावून केलेला सत्कार मद्याइतकाच मानाने स्वीकारला जातो, फक्त सुरुवातीलाच तसे सांगावे.

जिथे तडजोड नाही

श्रद्धेचा प्रश्न मनाशी सोडवता येतो, आजाराचा येत नाही. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्याला चिनी स्वयंपाकघर धोक्याचे आहे. शेंगदाणा कुटून, अख्खा आणि तेलाच्या रूपाने कुठेही डोकावतो आणि एकाच कढईत एकामागून एक पदार्थ परतले जातात. अशा व्यक्तीच्या कार्डावर 'चालत नाही' एवढे लिहून भागत नाही. खाल्ल्यास जीव धोक्यात येईल, हे स्पष्ट लिहावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध खिशात असावे. गव्हाचे पथ्य असणाऱ्यांनी सोयासॉस विसरू नये, त्यात बहुधा गहू असतो. मधुमेह्यांनी शांघायच्या खास तांबूस रश्शांपासून दूर राहावे. सोयासॉसबरोबर साखरेचा सढळ वापर हीच या शहराच्या चवीची ओळख आहे.

कायमच्या वास्तव्याला आलेली मंडळी लवकरच भातासाठी विजेचा कुकर विकत घेतात आणि मंडईची वाट धरतात. तिथे लाल माठ, कारली, दोडकी, वांगी आणि भोपळा पाहून परदेशात आल्याचा विसर पडतो. डाळी-मसाले भारतीय दुकानांतून मिळतात. भारतीय व्यापाऱ्यांची वर्दळ असलेल्या ईवू आणि केछियाओ या जवळच्या बाजारपेठांत तर भारतीय जेवणही मिळते.

तरीही रोज घरी रांधणे होत नाही. तेव्हा कोपऱ्यावरची एकच खाणावळ धरून ठेवावी. पहिल्या दिवशी कार्ड, दुसऱ्या दिवशी खुणा, तिसऱ्या दिवशी नुसते 'सू'. आठवड्याभरात मालकीणबाई ओळखू लागतात, कढई धुऊन घेतात आणि न सांगताच तोफू-पालेभाजी आणि भात पुढे आणून ठेवतात. घरी फोन करून 'पोटभर जेवलो' असे सांगायला तेवढे पुरेसे असते.