बॅटरीचे उन्हाळे

दिवाळीचे फटाके संपले की आमच्या दुकानात एक ठरलेलं वाक्य ऐकू यायला लागतं. "भाऊ, थंडी पडली आणि बॅटरी गेली." गाडी रावेरकडून आलेली एमएच १९ असो की इथलीच एमपी ६८, तक्रार तीच: सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' झालं. थंडीवरचा हा आळ मला मान्य नाही. बुऱ्हाणपुरात बॅटरी मे महिन्यातच खचलेली असते, कळतं ते डिसेंबरात.

आपल्या गाडीतली बॅटरी शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड यांच्यावर चालते. हे रसायन फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे याने १८५९ साली शोधलं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा स्टार्टर बसला, लोकांच्या हातातलं हँडल हळूहळू सुटलं आणि बॅटरी गाडीची गरज बनली. डबा प्लॅस्टिकचा झाला, शिशात कॅल्शियम मिसळायला लागले, पण आतली रासायनिक क्रिया तीच राहिली. गरम झालं की ती वेगाने होते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट होते, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. धन प्लेटची शिशाची जाळी गंजते, पाणी उडतं, बंद गाडीतली बॅटरीही आपोआप लवकर उतरते. तापीच्या या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. बॉनेटखाली इंजिनाची धग त्यात आणखी भर घालते. केळीच्या बागेजवळ दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी दुपारी उघडून पाहा, बॅटरीच्या डब्यावर हात ठेववत नाही.

थंडीचं काम एवढंच की ती झालेली झीज उघडी पाडते. गारठ्यात बॅटरीची ताकद थोडी घटते, इंजिन ऑइल जड होतं, स्टार्टरला जास्त जोर लागतो. धडधाकट बॅटरी आपल्या नऊ-दहा अंशांच्या थंडीला भीक घालत नाही. उन्हाळ्याने खाल्लेली मात्र तिथेच गुडघे टेकते.

म्हणून गिऱ्हाईक "किती वर्षं चालेल?" विचारतं तेव्हा मी उन्हाळे सांगतो. थंड हवेच्या गावात पाच वर्षं काढणारी बॅटरी आपल्याकडे तीन, फार तर चार उन्हाळे पाहते. वॉरंटीच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. त्याचे बहुधा दोन भाग असतात. पहिल्या भागात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात नव्या किमतीवर फक्त सूट. पहिला भाग किती महिन्यांचा, ते विचारा. आणि डब्यावरची तारीख वाचून घ्या. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली सहा महिने पडून राहिलेली बॅटरी कोऱ्या खोक्यात असली तरी तिचा एक उन्हाळा तिथेच खर्च झालेला असतो.

आता पाण्याबद्दल. या गावाला पाण्याचा मोठा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. कुंडी भंडारा पाहायला आजही लोक येतात. पण ज्यांनी खाली उतरून ते भुयार पाहिलं आहे त्यांना भिंतींवर साचलेले चुन्याचे थर आठवत असतील. तोच चुना, तेच क्षार तुम्ही नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याबरोबर बॅटरीत ओतता. पिण्याचं पाणी कितीही गोड असो, त्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटला बाधतं. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. एसीच्या नळीतून ठिबकलेलं पाणी बाटलीत भरून ठेवणारेही भेटतात. कल्पना हुशारीची आहे, पण त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो. डिस्टिल्ड वॉटरची बाटली काही महाग नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल, आणि ट्रॅक्टर-पिकअपला ती अजून सर्रास असते, तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा. प्लेटा बुडून वर बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकं पाणी हवं. काठोकाठ भरू नका, चार्ज होताना ते बाहेर येतं आणि खालचा ट्रे खाऊन टाकतं. पाणी कमी झालं म्हणून वरून तेजाब तर अजिबात घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. जास्तीचं तेजाब दोन दिवस जोर दाखवतं आणि प्लेटा जाळतं. 'मेंटेनन्स फ्री' म्हणजे पाणी घालायचं नाही एवढंच. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी तिलाही येते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवा, टर्मिनल कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. पट्टी सैल असेल तर बॅटरी खड्ड्यागणिक आपटून आतल्या प्लेटांचा माल झडतो. आपले रस्ते पाहता हे जास्त सांगायला नको.

बॅटरीचा दुसरा शत्रू म्हणजे उभी गाडी. मुलगा पुण्याला किंवा इंदूरला, गाडी इथे अंगणात कव्हर घालून. चावी काढली तरी घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर मिळून चाळीस-पन्नास मिलिअँपियर खात राहतात. म्हणजे दिवसाला एक अँपियर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. महिन्याभरात हिशेब संपला. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते घट्ट झाले की चार्जिंगने सुटत नाहीत. काका रोज सकाळी पाच मिनिटं गाडी सुरू ठेवतात, त्याने फारसं साधत नाही. सेल्फला वीज थोडीच लागते, दीडशे-दोनशे अँपियर खरे, पण दोनच सेकंद. ती लगेच भरून निघते. खरी अडचण अर्ध्या उतरलेल्या बॅटरीची. तिला पूर्ण भरायला काही तास लागतात आणि उभ्या गाडीचा अल्टरनेटर मंद चालतो. आठवड्यातून एकदा तासभर आसीरगडापर्यंत जाऊन या. ते जमत नसेल तर मायनसची वायर काढून ठेवा.

माझा खरा राग मात्र आमच्याच धंद्यातल्या एका सवयीवर आहे. गाडी आली, सुरू होत नाही, विकली नवी बॅटरी! मल्टिमीटर लावायला किती वेळ लागतो? रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच दिसली तर सहापैकी एक सेल गेला, तिच्यावर आणखी खर्च करू नका. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळते का ते पाहा. मग इंजिन चालू ठेवून मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. कमी असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा, आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. पंधराच्या वर गेलं तर बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी बिडी-सिगारेट लांब ठेवा, निघणारा हायड्रोजन पेट घेतो. याच कारणाने दुसऱ्या गाडीवरून जंप देताना शेवटची मायनसची वायर बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावतात.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून यातून सुटका झाली असं समजू नका. त्या बहुतेक गाड्यांतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

तीन उन्हाळे झालेली बॅटरी होळीच्या सुमाराला एकदा तपासून घ्या. मीटर लावून न दाखवणाऱ्या दुकानातून नवी घेऊ नका. आणि जुनी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातलं शिसं जवळजवळ सगळं पुन्हा वापरता येतं, पण घराच्या मागे भट्टी लावून ते वितळवलं की धूर आणि माती आसपासच्या पोरांच्या रक्तात उतरते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला ती परत द्या, तिचे पैसे नव्या बिलातून वळते करून घ्या आणि तसं बिलावर लिहून मागा.