कासवाचा कान

खंडाळ्यातील एका धान्यव्यापाऱ्यांच्या घरी नातीच्या हट्टापायी लाल कानपट्टीचे इवलेसे विदेशी कासव आले. मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासवच. आजीला ते शुभ वाटले. काचेच्या भांड्यातील पाणी आठवड्यातून एकदा बदले. खाण्यास काकडी व भाताची शिते.

एके सकाळी कासवाच्या डोळ्यामागे वाटाण्याएवढी गाठ दिसली. आजोबांनी कानाचे थेंब घातले. पण कासवाचा कान कातडीखाली झाकलेला, थेंब वरूनच ओघळले. शिरवळच्या पशुवैद्यकांनी उलगडा केला. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी कानाचे आतले अस्तर बिघडते, त्यात घाणेरडे पाणी. कासवाचा पू पनीरासारखा घट्ट असतो. नुसत्या औषधाने तो विरघळत नाही. भूल देऊन छेद घेतला, गोळा काढला, पोकळी धुतली. घरी मात्र ऊब, स्वच्छ पाणी आणि योग्य आहार हवा होता.

पेच आहाराचाच होता. या जातीच्या पिलांना मांसाहार लागतो. बाजारातील दाण्यांतही मासळी असते. आजी गप्प झाली. नातीने विचारले, "नीरा नदीत सोडू या का?" विदेशी कासव सोडले तर इथल्या कासवांच्या वाट्याचे अन्न जाईल, हेही डॉक्टरांनी बजावले होते.

अखेर आजोबा म्हणाले, "जीव घरी आणण्यापूर्वीच हे विचारायला हवे होते. आपला नियम आपल्या ताटाला. त्याच्या भुकेला नाही."

दाण्यांचा डबा दुकानामागच्या खोलीत राहिला. पाणी मात्र आता आजी स्वतः बदलते, एक दिवसाआड.