रानजायफळांच्या दलदलींतून : बांबर्डे ते कत्तलेकान

सिंधुदुर्गातील दोडामार्गापासून उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दापूरपर्यंतचा सह्याद्रीचा पश्चिम उतार तीन राज्यांत वाटला गेला असला, तरी वनस्पतींच्या दृष्टीने तो सलग प्रदेश आहे. आणि या उतारावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला गोड्या पाण्याच्या रानजायफळ-दलदली एकामागून एक भेटतात. जी जात निसर्गतः एका मर्यादित भूभागातच उगवते, तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. या दलदलींतील अनेक वृक्ष केवळ पश्चिम घाटाचे आहेत, त्यामुळे ते येथून गेले तर जगातूनच गेले.

तिळारीच्या परिसरात काजू आणि रबराच्या बागा ओलांडून वाट हेवाळे-बांबर्डेच्या देवराईत उतरते, आणि बागांमधील कोरडी उघडीप संपून पायाखाली काळा, मऊ चिखल लागतो. ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’ या रानजायफळाचे खोड येथे जमिनीच्या बरेच वर, तिरक्या आधारमुळांच्या तिवईवर उभे असते. त्याच्या कुळातील काही वृक्षांची मुळे चिखलातून वर येतात आणि दुमडलेल्या गुडघ्यासारखी वाकून पुन्हा चिखलात शिरतात. पाणथळ मातीत हवा जवळजवळ नसते, म्हणून ही गुडघामुळे बाहेरून श्वास घेतात आणि आधारमुळे झाडाला मऊ चिखलात तोलून धरतात. हेच मूळ झिरपत्या पाण्याबाहेर फारसे उपयोगाचे नाही. ज्या रचनेने हा वृक्ष येथे टिकला, तिनेच त्याला येथे बांधूनही ठेवले आहे.

बांबर्ड्याची ही दलदल ज्ञात दलदलींपैकी अगदी उत्तरेकडच्यांत मोडत असून, 2021मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला जैविक वारसा स्थळ घोषित केले. 2002च्या जैविक विविधता कायद्यानुसार असा दर्जा राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून देते. पण त्याआधी कित्येक पिढ्या येथील झाड तुटले नाही ते देवाच्या नावामुळे. सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राई हीदेखील अशीच देवाच्या नावाने राखलेली दलदल आहे.

पुढे कारवार आणि कुमठा मागे टाकून होन्नावरहून शरावतीच्या खोऱ्याने घाट चढू लागला की कत्तलेकान लागते. मराठी कानाला हे नाव कठोर वाटते. कन्नडमध्ये मात्र ‘कत्तले’ म्हणजे अंधार आणि ‘कान’ म्हणजे सदाहरित रान. भर दुपारीही तेथे उन्हाचे कवडसे मोजता येतील इतकेच असतात. येथील दलदलीतून बिब्ब्याच्या प्रजातीतला एक स्वतंत्र वृक्ष 2000 साली विज्ञानाला नव्याने ज्ञात झाला आणि त्याला ‘सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस’ असे या रानाचेच नाव मिळाले. त्याचे नर आणि मादी वृक्ष वेगवेगळे असतात. म्हणून एखाद्या ओहोळाकाठी मोजकीच झाडे उरली आणि ती सर्व एकाच लिंगाची असली, तर ती उभी असूनही त्यांचा वंश तेथे थांबलेला असतो. अभ्यासकांनी ही जात अतिसंकटग्रस्त मानली आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त अशा चढत्या धोक्याच्या श्रेणी आहेत, आणि त्या जातीच्या घटीचा वेग, प्रसाराचे क्षेत्र व प्रौढ वृक्षांची संख्या यांवरून ठरतात. मिरिस्टिका मॅग्निफिका संकटग्रस्त आहे. मसाल्यात पडणारी रामपत्री जिच्या बियांवरून निघते, ती ‘मिरिस्टिका मलबारिका’ असुरक्षित आहे. मात्र या श्रेणी जातीला मिळतात, ओहोळाला नाही. वरच्या उतारावर बाग लावण्यासाठी रान तोडले, किंवा सुपारीसाठी ओहोळ वळवला, तर दलदलीतील एकाही झाडाला कुऱ्हाड न लागता ती वाळते, कारण बारमाही पाझर हाच तिचा खरा पाया आहे.

या संकटाचे मूळ बियांतही आहे. रानजायफळाचे फळ उकलले की मोठ्या बीवर लाल, जाळीदार, मांसल आवरण दिसते. स्वयंपाकघरातील जायपत्री हे खऱ्या जायफळाचे असेच आवरण होय. या रंगाला भुलून धनेश बी गिळतो आणि गर पचवून ती दूर टाकतो. ही बी वाळवली की मरते, त्यामुळे धान्याच्या बियांप्रमाणे ती कोरड्या, थंड पेढीत वर्षानुवर्षे साठवता येत नाही. म्हणजे ज्या चिखलात ती पडते आणि रुजते, तो चिखलच तिची एकमेव कोठी आहे. म्हणूनच बांबर्डे असो वा कत्तलेकान, संवर्धनाची हद्द शेवटच्या आधारमुळापाशी आखून भागणार नाही. पाणी जेथून झिरपू लागते त्या माथ्यापर्यंत ती न्यावी लागेल, आणि ती कोठून कोठे आहे हे देवराई राखणाऱ्या गावांनाच विचारून ठरवावे लागेल.