ओढ जमिनीपर्यंत पोचवा

कॅरॅव्हॅनची ऑनिंग वाऱ्यात उडाली की लोक कापडाला दोष देतात, नाहीतर खांबांना. कापडी छतांची रचना करणे हा माझा व्यवसाय. क्रीडांगणांवर किंवा स्थानकांवर ताणून बसवलेली मोठी छते आमच्याकडे येतात, तिथे हिशेब कागदावर होतो. ऑनिंगचा हिशेब कुणीच करत नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर वादळानंतर पडलेल्या ऑनिंग मी जेव्हा जेव्हा जवळून पाहिल्या, तेव्हा कापड बहुधा शाबूत होते. खांब वाकलेले होते, पण तेही मेखा उपटल्यानंतर. बिघाड सुरू झाला होता जमिनीत.

ज्यांनी ऑनिंग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर. त्याच्या एका बाजूला, छताच्या कडेने, खाच असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. ऑनिंगच्या काठात शिवलेली गोल दोरी या खाचेत सरकवत न्यायची, पुढे खांब उभे करायचे, तिन्ही बाजूंनी कनाती लावायच्या, की एक जादा खोली तयार होते. ब्रिटनमध्ये ही हौस जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने 1885 मध्ये केवळ भटकंतीसाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची कॅरॅव्हॅन ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली, आणि 1907 मध्ये देशात कॅरॅव्हॅन क्लबही निघाला. आता ऑगस्टअखेरच्या जोडसुट्टीत वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या तळांवर मराठी बोलणेही कानावर पडते. आजीआजोबा भारतातून आलेले, मुले लहान, बाहेर पाऊस. अशा वेळी ऑनिंगची खोली चैन राहत नाही.

वारा ऑनिंगला काय करतो? समोरच्या कनातीला तो ढकलतो, हे सगळ्यांना दिसते. छतावर मात्र तो उलटे काम करतो. छताच्या कडेवरून वळताना हवेचा प्रवाह कापडापासून सुटतो, तिथे दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त. त्यात वाऱ्याकडच्या बाजूचे दार उघडे राहिले तर आत शिरलेली हवा खालून दाबते. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने.

आकडे पाहा. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब येतो ते कळते. आपल्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागातही हेच सूत्र आहे. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. दाब आला 135 न्यूटन, साधारण पावणेचौदा किलो वजनाइतका. चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छतावर वरची ओढ एवढीच धरली, तर सुमारे 137 किलो. वेग ताशी 72 किलोमीटर झाला की हीच ओढ 245 किलोच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, आणि वाऱ्याच्या बाबतीत लोक नेमके इथेच फसतात. काल संध्याकाळी ऑनिंगने वारा सोसला म्हणून आज थोडा जास्त वारा ती सोसेलच असे नाही.

एवढी ओढ कुठेतरी गेली पाहिजे. ती कापडातून शिवणीत, शिवणीतून तणाव्यात, म्हणजे ताणून बांधलेल्या दोरीत, तणाव्यातून मेखेत आणि मेखेतून मातीत जाते. काही भाग कॅरॅव्हॅनच्या पट्टीकडे जातो, आणि तिचे मला भय नाही, कारण मागे टनाहून जड गाडी उभी असते. पुढचे दोन कोपरे मात्र पूर्णपणे मातीच्या भरवशावर असतात.

ऑनिंगच्या पिशवीतून येणाऱ्या तारेच्या बारीक मेखा मी वाऱ्याच्या जागी वापरत नाही. मऊ हिरवळीत त्या सहज जातात आणि तितक्याच सहज निघतात. मेखेची पकड तिच्या लांबीवर आणि मातीला टेकणाऱ्या रुंदीवर ठरते. खडी दाबून केलेल्या कडक जागेवर जाड पोलादी मेख हवी. ती पातळ असली तर वाकते आणि खडीतून वाट शोधत तिरपी जाते. हिरवळीत लांब मेख, किंवा ड्रिलने फिरवत बसवायची स्क्रूसारखी मेख चांगली. वाळूत गोष्ट वेगळी. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर किनाऱ्यालगत शिंपल्यांच्या वाळूची गवताळ सपाटी आहे. दिसायला ती घट्ट हिरवळ वाटते, पण गवताच्या मुळांखाली निव्वळ वाळू असते. तिथे रुंद, पन्हळीच्या आकाराच्या लांब मेखा लागतात, नाहीतर पिशवीत वाळू भरून ती तणाव्यासकट पुरावी लागते.

मेख तिरपी ठोकायची, डोके ऑनिंगपासून दूर झुकलेले, जमिनीशी साधारण 45 अंशांचा कोन. तणावा आणि मेख यांच्यात काटकोन झाला की मेखेपुढची माती पूर्ण लांबीने अडवते. मेख उभी ठोकली तर तणावा तिला हळूहळू हलवतो, भोक मोठे होते, पाऊस त्या भोकात जातो. म्हणून रात्रीच्या पावसानंतर सकाळी पहिले काम मेखा तपासण्याचे. हाताने ओढून पाहा. डुगडुगली तर ती काढून वीतभर बाजूला नवी ठोका. त्याच भोकात पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही.

झोत हा वाऱ्याचा खरा घातक प्रकार. सरासरी वाऱ्याच्या दीडपट, कधी त्याहून जोरदार झोत काही सेकंदांसाठी येतो आणि प्रत्येक सांध्याला हिसका देतो. वादळी पट्टा त्यासाठीच असतो. हा रुंद पट्टा छताच्या पुढच्या काठावरून जातो आणि दोन्ही टोकांना स्प्रिंग लावून जमिनीत अडकवतात. छत वर उचलले जाऊ लागले की त्याची ओढ शिवणीला वगळून थेट मेखेकडे जाते आणि स्प्रिंग हिसका गिळते. स्प्रिंगची वेटोळी किंचित उघडी दिसतील इतकाच ताण द्यावा. ती पूर्ण ताणली तर झोत आल्यावर तिच्याकडे द्यायला काही उरत नाही. कनातीच्या तळाशी असणारे रबरी पट्टेही हेच काम छोट्या प्रमाणावर करतात. उन्हाने तडकलेले रबर दर हंगामाआधी बदलावे. पट्टा असूनही पिशवीतच ठेवणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की हे आग्रहाने लिहिते: हवा शांत असली तरी पहिल्याच दिवशी पट्टा बांधा. रात्री दोन वाजता, पावसात, उडत्या कापडावरून तो टाकता येत नाही.

उभारताना सगळ्या चेन बंद ठेवाव्यात आणि कॅरॅव्हॅनलगतचे मागचे कोपरे आधी ठोकावेत. दारे उघडी ठेवून मेखा मारल्या तर नंतर चेन लागत नाही, आणि न लागलेली चेन म्हणजे वाऱ्याला आत यायची वाट. छताला झोळ राहू देऊ नका. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचले तर दहा किलो वजन होते आणि झोळ आणखी वाढतो.

जागा निवडता आली तर ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनची पाठ नैर्ऋत्येला करावी. तिकडचे प्रमुख वारे त्याच दिशेकडून येतात. दाट कुंपणाच्या झाडीचा आडोसा दगडी भिंतीहून चांगला, कारण झाडी वारा गाळते, भिंत त्याला वरून उसळवून पलीकडे भोवरे करते. मोठ्या झाडाखाली मात्र जाऊ नका. कड्याच्या माथ्यावरची समुद्र दिसणारी जागा सर्वांना हवी असते, पण चढावरून येणारा वारा माथ्यावर वेग घेतो, आणि हवामानाच्या अंदाजातला आकडा तिथे अपुरा पडतो.

हवा भरलेल्या नळ्यांची ऑनिंग झोतात वाकते आणि पुन्हा उभी राहते, त्यामुळे खांब मोडण्याची भीती कमी. मेखांची गरज तिला तितकीच आहे. कॅरॅव्हॅनला कायमची जोडलेली, हँडल फिरवून उघडायची ऑनिंग ही सावली आहे, खोली नव्हे. माणूस जवळ नसताना आणि रात्री झोपताना ती गुंडाळलेलीच असावी. तिचे पाय निसटले तर ती उलटून गाडीच्या टपावर जाऊन आदळते.

इतके सगळे केल्यावरही एक मर्यादा राहते. ब्रिटनमध्ये 2015 पासून वादळांना नावे दिली जातात, आणि ती फक्त हिवाळ्यात येतात असे समजू नका. ऑगस्ट 2020 मध्ये एलन आणि फ्रान्सिस अशी दोन वादळे आठवड्याभरात आली, तीही शाळांच्या सुट्टीत. ऑगस्ट 2023 मध्ये अँटनी आले. माझा नियम असा: अंदाजात सरासरी वारा न पाहता झोताचा आकडा पाहावा. ताशी 48 किलोमीटर, म्हणजे तिकडच्या भाषेत 30 मैल, झाले की सगळे बंद करून पट्टे तपासावेत. 64 किलोमीटर, म्हणजे 40 मैल, अपेक्षित असतील तर वारा सुटायच्या आत ऑनिंग उतरवावी. सुटलेल्या वाऱ्यात उतरवायला गेलात तर मोकळे कापड शिडासारखे भरते आणि खांब हातातून सुटून माणसाला लागतो. ओली उतरवावी लागली तरी हरकत नाही. एक-दोन दिवसांत उघडून वाळवली तर बुरशी धरत नाही.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कनाही जागा दिली. आपल्याकडे कोकणात नि पाचगणीच्या पठारावर जांभा आहे. त्यात मेख एकतर शिरत नाही किंवा भुगा करून सैल बसते. देशावरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात मेख पक्की वाटते, पण वळवाच्या एका सरीने तीच माती लोण्यासारखी होते, आणि त्या सरीच्या आधी वारा सुटतोच. म्हणून पार्क उभारणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक जागेच्या कडेला काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली लोखंडी कडी द्या, निदान पुढच्या दोन कोपऱ्यांसाठी दोन. फरशी आणि दिव्यांच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि तो बांधकामाच्या वेळीच करावा लागतो.